टपालाने गेलेलं दुखणं

"पण गुरुजी, रोगात लाज कसली?"

हेरंबने हे असं विचारलं, जणू उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. शास्त्रीबुवांकडे वैद्यकी शिकायला आलेल्या या तरुणाची बुद्धी तल्लख होती, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच माहीत होतं.

समोर ओसरीवर हौसा बसली होती. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. पुढ्यात औषधाचं पुडकं, न उघडलेलं. त्यावर हेरंबच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'फेफऱ्यावरील गोळ्या. तातडीचे.'

शास्त्रीबुवा पुडक्याकडे बघत राहिले...

त्यांच्याकडून टपालाने जाणारं प्रत्येक पुडकं एकाच मापाचं असे. मांजरपाटात शिवलेलं, वर फक्त नाव आणि गाव. खोकला असो की खरूज, बाहेरून सगळी सारखी. औषध कसलं, कसं घ्यायचं, ते आतल्या चिठ्ठीत. बुवा महिनाभर लेकीकडे राहायला गेले, तेव्हा टपालाचं काम हेरंबकडे आलं. त्याला ही रीत जुनाट वाटली. त्याने ती सुधारली.

"औषधांचा घोटाळा होऊ नये म्हणून लिहिलं," तो म्हणाला. "आणि पोस्टातल्या माणसांनाही कळावं, की हे अडवून ठेवायचं नाही."

"कळलं की," हौसा म्हणाली. "समद्यांनाच कळलं."

तिच्या गावचं पोस्ट किराणा दुकानातच होतं. बाजाराच्या दिवशी पुडकं गुळाच्या ढेपेशेजारी पडून होतं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं.

"बाया खुरपायला जाताना तान्ही पोरं माझ्यापाशी ठिवायच्या. आता कुणी ठिवत न्हाई. कडेवर घेतलं तरी वढून घेत्यात..." तिने फडक्यातला हात पदराखाली घेतला. "पुडकंच आलं न्हाई तर कुणी काय बोलणार न्हाई, असं वाटलं. गोळ्या बंद केल्या. मग चुलीपाशीच फेफरं आलं. तरी नगंच आता. पुन्हा पाठवू नका, शास्त्रीबुवा."

हे ऐकून कुणालाही वाईट वाटलं असतं. हेरंबलाही वाटलं असतं, पण त्याआधी त्याला उपाय सुचला.

"मी येतो तुझ्या गावात. सगळ्यांना देवळात बसवतो आणि नीट समजावून सांगतो, की हौसाचा जो रोग आहे तो..."

हौसाचा चेहरा पांढरा पडला.

शास्त्रीबुवा उठले. अंगणात रोगी आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते. बुवांचा आवाज एरवी शेजारच्यालाही धड ऐकू जात नसे. आज त्यांनी तो चढवला.

"मंडळी, जरा इकडे लक्ष द्या. हा आमचा हेरंब. गेल्या पौषात याला जे दुखणं झालं होतं..."

अंगणातल्या माना वळल्या. एक म्हातारा खोकत होता, तो खोकायचा थांबला.

हेरंबचे कान लाल झाले. तो ओसरीच्या कडेपर्यंत धावला.

"गुरुजी... नको."

"का रे? रोगात लाज कसली?"

हेरंबने हात जोडले.

"काही नाही, बसा मंडळी," बुवा म्हणाले. मंडळी हिरमुसली.

मग हेरंबने पुडकं उचललं. वरचा लिहिलेला कागद काढून बंबात टाकला. मांजरपाटाचा तुकडा आणि सुईदोरा घेऊन तो हौसापुढेच बसला आणि शिवू लागला. टाके वेडेवाकडे पडत होते.

"चुकलं माझं," तो म्हणाला. गुरूला नाही, हौसाला.

"आता कोरं पाठवून काय उपेग? गावाला कळलंच की."

"गाव विसरतं, पोरी," शास्त्रीबुवा म्हणाले. "आठवण करून देणारा कुणी नसला म्हणजे."

भाजलेला हात हौसाने मांडीवर ठेवला, त्याच्याकडे पाहिलं...

"थांबा, सगळं शिवू नका," ती हेरंबला म्हणाली. "एक गोळी हितंच द्या. आन् पाणी."

तिने गोळी गिळली. हेरंब बघत होता. एखादी गोळी कुणाच्या घशाखाली उतरताना त्याने इतक्या काळजीने कधी पाहिलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात पाठवा," जाताना ती म्हणाली. "पर वर निस्तं नाव."

शेवटचा रोगी गेला आणि अंगण रिकामं झालं. शास्त्रीबुवा खलबत्ता पुसत होते. हेरंब जवळ येऊन घुटमळला.

"गुरुजी, माझं ते पौषातलं दुखणं... तुम्ही पुन्हा कधी कुणापुढे काढणार नाही ना?"

शास्त्रीबुवांनी मान वर केली.

"कसलं दुखणं?"