दिघ्यांच्या दवाखान्यातली रिकामी जागा

बंदराकडून देवळाकडे चढणाऱ्या रस्त्याच्या वळणावर दिघे डॉक्टरांची दुमजली चिरेबंदी इमारत आहे. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. आता तिथे दुसरेच डॉक्टर बसतात. पण गर्दी कितीही असो, ओसरीवरच्या लांब बाकाची दाराजवळची जागा रिकामी ठेवतात. घरातून दवाखान्यात उतरणाऱ्या जिन्याचं दार वरच्या बाजूने खिळे ठोकून बंद केलेलं आहे.

असं सांगतात, की डॉक्टर लहान असताना त्यांची आजारी आई एका वैद्याच्या ओसरीवर ताटकळतच वारली. वैद्यबुवा आधी घरचे पाहुणेरावळे बघत बसले होते. म्हणून ही इमारत उभी राहिली तेव्हा डॉक्टरांनी ग्रामदेवीपुढे नारळ ठेवून शब्द दिला, 'इथे घरचं माणूस सगळ्यांच्या शेवटी.' गावाने वाहवा केली. सुभद्राबाईंना, त्यांच्या बायकोला, कुणी विचारलं नाही.

एका बाजारच्या दिवशी त्यांच्या धाकट्या मालूचा घसा घटसर्पाने धरला. पोरीला श्वास पुरेना. सुभद्राबाई तिला घेऊन जिन्याने धावत उतरल्या आणि दारातूनच त्यांनी हाक मारली. डॉक्टर कुणाचं तरी गळू कापत होते. मान वर न करता म्हणाले, "घरचं ना? मग शेवटी."

सुभद्राबाई ओसरीवर येऊन बाकाच्या शेवटच्या टोकाला बसल्या. पुढच्यांना विनवू लागल्या, "मला आधी जाऊ द्या हो, पोरगी निळी पडत्येय."

कुणी खरूज घेऊन आला होता, कुणी पोट साफ व्हायचं औषध न्यायला. एकजण हसून म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुम्हाला कसली घाई? डॉक्टर तुमच्या घरातच!" दुसरीने समजूत घातली, "खरंच काही असतं तर ते स्वतः उठून आले नसते का?" हे सगळ्यांना पटलं. कुणी जागचं हललं नाही.

एकेक माणूस आत जाई, त्या एकेक जागा पुढे सरकत. दाराजवळ पोचल्या तेव्हा मांडीवरचं लेकरू गार पडलं होतं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "दाखव."

सुभद्राबाई म्हणाल्या, "घरचंच आहे. आता घाई नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी वरवंट्याने खिळे ठोकून जिन्याचं ते दार बंद केलं. पुढे जन्मभर डॉक्टर मागच्या बोळातून वळसा घालून घरी जात. बाई ताट वाढत, पण बोलल्या कधीच नाहीत म्हणे. जळो तो शब्द, असं म्हणायचं धाडस मात्र गावाला झालं नाही. गावाने बाकावर फूल ठेवायची चाल पाडली, आणि सुटका करून घेतली.

आजही त्या जागेवर सकाळी ताजी अनंताची फुलं असतात. येणारा वाकून नमस्कार करतो, मग आपला नंबर धरतो. परवाच वाडीवरची एक बाई धापा टाकणारं पोर घेऊन आली. "मागे बसा, ताई," ओसरी एका सुरात म्हणाली, "आम्ही सकाळपासून आहोत." ती त्या फुलांशेजारी उभीच राहिली.