फुली डावीकडे की उजवीकडे

"पण फुली डावीकडे का नाही, बुवा?"

शशांक लोणकरने चपला काढायच्या आधीच विचारलं. बार्शीहून गगनबावड्यापर्यंत तो हा एकच प्रश्न घेऊन आला होता.

बुवा पडवीत वाटाणे सोलत बसले होते. 'औदुंबर' नावाचं लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, त्यांनी घरबसल्या उभं केलं, ज्याला हवं त्याला ते फुकट दिलं, आणि तेव्हापासून लोक त्यांना सूचना पाठवत होते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल माणसं फार पोटतिडकीने बोलतात.

"कुठली फुली?"

"खिडकी बंद करायची. ती उजव्या कोपऱ्यात आहे, डाव्या कोपऱ्यात हवी. तुमच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहून लिहून बोटं दुखली माझी. पुढच्या आवृत्तीत ती हलली नाही, तर मी औदुंबर सोडणार."

"कुठे जाणार?"

"दुसऱ्या लिनक्सवर."

"तिथे फुली कुठे असते?"

"...उजवीकडे."

बुवांनी वाटाणे बाजूला सारले. लोणकरचा हात धरून त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथे पिकल्या दाढीचे एक गृहस्थ चहा पीत होते.

"हे इनामदार सर. मिरजेला चित्रकला शिकवायचे, आज सकाळीच आलेत. फुली डावीकडे गेली, तर हेही औदुंबर सोडणार आहेत. तुम्ही दोघं एकमत करा. म्हणाल तिथे बसवतो."

आणि बुवांनी बाहेरून कडी घातली.

"म्हणजे मंचावरचा तो 'डावखुरा' तुम्हीच?" इनामदार सरांनी विचारलं.

"आणि 'मिरजेचा कुंचला' तुम्ही. मला अडाणी म्हणाला होतात."

"त्याआधी तुम्ही मला म्हातारा म्हणाला होतात."

"ते चुकलं असं आता दिसत नाही."

मग आवाज चढले. बुवा पडवीत येऊन पुन्हा वाटाणे सोलू लागले.

दुपार कलली तेव्हा आतून चक्क हसणं ऐकू आलं. लोणकर सांगत होता, की घरी त्याने लिनक्सचं नाव काढलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. इनामदार सरांची मुलगी टीव्हीचा आवाज वाढवायची. या विषयावर बोलायला दोघांनाही आपापल्या आख्ख्या गावात माणूस नव्हतं. मंचावर एकमेकांशी भांडायचं, एवढंच काय ते त्यांचं बोलणं, आणि त्याची ते रोज वाट बघायचे.

बुवांनी कडी काढली.

"झालं एकमत," लोणकर ऐटीत म्हणाला. "फुली कुठे हवी, ते ज्याचं त्याला निवडू द्या. इतकी साधी सोय तुम्हाला सुचू नये, याचं नवल वाटतं."

बुवांनी संगणक पुढे ओढला आणि सेटिंगचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं... फुली: डावीकडे, उजवीकडे.

"हे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून."

लोणकरचा चेहरा उतरला. सेटिंगचं पान नवशिक्यांसाठी असतं, असं तो समजत होता. तो थेट आतल्या फाइलमध्ये शिरून फुली हलवायचा, आणि दर अपडेटला ती गुमान उजवीकडे परत जायची. इनामदार सरांनीही ते पान कधी उघडलं नव्हतं.

"मग सांगायचं नाही का, बुवा? इतकी वर्षं भांडलो आम्ही."

बुवांनी संगणक लोणकरकडे सरकवला.

लोणकरने टिचकी मारून पाहिली. फुली डावीकडे गेली. घरी तो हेच करणार होता, इनामदार सरांच्या संगणकावर ती उजवीकडेच राहणार होती. भांडण मिटलं, आणि त्याबरोबर बोलण्यासारखंही काही उरलं नाही...

इनामदार सर उगाच चष्मा पुसत राहिले. लोणकर बसच्या वेळा विचारू लागला. दोघांचाही पाय निघत नव्हता, आणि तसं म्हणायची दोघांनाही लाज वाटत होती.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं.

"निघताय तर निघा," ते म्हणाले. "जाता जाता एवढं सांगा... घड्याळ पडद्यावर वरच्या कोपऱ्यात असावं, की खालच्या?"