वस्त्रगाळ ऊन

पाय पोटाशी घ्या, पांघरूण गळ्यापर्यंत ओढा आणि ऐका.

एकदा काय झालं... पण थांबा, आधी एक सांगा. आपण पाणी गाळतो की नाही? हंड्याच्या तोंडावर फडकं बांधतो, वरून पाणी ओततो. काडीकचरा वर राहतो आणि नितळ पाणी खाली उतरतं. तसंच, बरं का, ऊनही गाळावं लागतं. सूर्य मोठा मायाळू. पण त्याच्या उन्हात जशी ऊब असते, तसे बारीक बारीक काटेही असतात. डोळ्यांना दिसत नाहीत ते. सरळ खाली आले तर पानं करपतील, डोळे अधू होतील, कातडी भाजेल. म्हणून पृथ्वीच्या वर, ढगांच्याही वर, एक गाळणं बांधलेलं आहे. इतकं तलम, की ते आहे हे कुणाला कळतही नाही. तुमच्या शाळेतल्या बाई त्याला ओझोनचा थर म्हणतात, आपण गाळणंच म्हणू. आपल्या अंगणात पडतं ते सगळं वस्त्रगाळ ऊन.

आणि हे गाळणं विणायचं कुणी? आवडाईनं.

पार दक्षिणेला, जमीन संपते, समुद्र संपतो आणि मग नुसतं बर्फच बर्फ लागतं, तिथल्या एका उंच डोंगरावर आवडाईचा माग होता. तिथे झाड नाही, शेजार नाही, कोंबडा आरवत नाही. अर्धं वर्ष दिवस आणि अर्धं वर्ष रात्र. सोबतीला काय, तर काळे कोट घातल्यासारखे दिसणारे, उडता न येणारे पक्षी. वरातीला निघाल्यासारखे डुलत डुलत जायचे, पण तिच्याशी बोलायचे नाहीत. आवडाई ऊन पिंजायची, वाऱ्यावर कातायची आणि विणायची. गाळणं रोज थोडं झिजायचं, ती रोज तेवढंच विणायची. बोलायला कुणी नाही, म्हणून स्वतःशीच बोलायची. "दमलीस का गं आवडे?" असं आपणच विचारायची. "छे, कुठली दमतेय!" असं आपणच उत्तर द्यायची.

तिला सुख एकच होतं. खाली गावोगावी तेव्हा एक रीत होती. घरात नवं गाळणं आलं, की बायका त्याचा एक धागा ओढून काढायच्या. खिडकीत उभ्या राहायच्या, तो धागा वाऱ्यावर सोडायच्या आणि म्हणायच्या, "आवडाई, घे गं धागा, तुझं माझं काम एकच." मग तो धागा उडत उडत डोंगर ओलांडायचा, समुद्र ओलांडायचा आणि आवडाईच्या मागावर येऊन पडायचा. त्याच्याबरोबर तो आवाजही यायचा. कधी नव्या नवरीचा लाजरा, कधी एखाद्या म्हातारीचा घोगरा. आवडाई धागा कानाशी धरायची, ऐकायची आणि मनगटाला बांधून ठेवायची. तेवढ्यावर तिची ती लांबलचक रात्र सरायची.

आता इकडे काय झालं?

इकडे एक होता राजा. त्याचं खरं नाव भलं मोठं, पण सगळे त्याला म्हणायचे उकाडराजा. कारण सकाळी उठला की पहिलं वाक्य, "उकडतंय बुवा!" जेवताना, "उकडतंय बुवा!" दरबारात न्याय देतानाही, "जा, तुला सोडलं. मला उकडतंय!"

एके दिवशी एक परदेशी व्यापारी आला. त्याच्याजवळ तांब्याच्या सुरया होत्या. सुरईचं बूच काढलं की आतून गार धूर निघायचा आणि खोली माघातल्या पहाटेसारखी थंडगार व्हायची. राजा खूश! पण प्रधान शहाणा होता. तो म्हणाला, "महाराज, आधी पारखून घेऊ." मग तो धूर दिव्यावर सोडला. ज्योत हललीसुद्धा नाही. मग मुंग्यांच्या रांगेवर सोडला. मुंग्या आपल्या साखर घेऊन चालल्या. मग व्यापाऱ्यानं तो स्वतः नाकानं ओढला आणि फिदीफिदी हसून दाखवलं. ना जळे, ना बाधे, ना नासे! सगळ्यांनी माना डोलावल्या.

फक्त सगुणा राणीनं विचारलं, "पण हा धूर मग जातो कुठे?"

"जाईना का कुठेही!" राजा म्हणाला. "बाहेर जातो."

आणि घरोघरी सुरया आल्या.

धूर खरंच कुणाला बाधत नव्हता. पण जे कशानं जळत नाही नि कशानं नासत नाही, ते मरतही नाही, बरं का. तो वर वर चढत गेला. आणि त्या धुरात झोपली होती कसर. लोकरीचे कपडे खाते ना, तसली, पण धुळीच्या कणाहूनही बारीक. वर पोचली, तिच्या अंगावर न गाळलेलं ऊन पडलं आणि ती जागी झाली. एकेक कसर हजारो धागे खाई, आणि तरी उपाशीच!

त्या वर्षी डोंगरावरची लांब रात्र संपली. पहिलं ऊन पडलं. आवडाई मागावर बसली, वर पाहिलं, तर काय? ऐन डोक्यावर गाळण्याला भलंमोठं भोक! एका टोकाला फाटलं, की बाकीचं कापडही ताण बसून विरत जातं. ती भराभर विणू लागली. हातभर विणावं, तर कसरीनं चार हात खाल्लेलं.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. किती दिवसांत एकही धागा आला नव्हता. मनगटावरचे सगळे धागे जुने, रंग उडालेले. तिनं एकेक कानाशी धरला. सगळे मुके. आवडाई विणता विणता म्हणाली, "विसरले वाटतं गं आपल्याला, आवडे." या वेळी मात्र तिनं स्वतःला उत्तर दिलं नाही.

मग तिनं निरोप धाडायचं ठरवलं. आधी पांढऱ्या समुद्रपक्ष्याला धाडलं. तो गावावर घिरट्या घालून परत आला. "सगळ्या खिडक्या बंद आहेत, बाई. सांगू कुणाला?" मग ढगाला धाडलं. तो गडगडून गडगडून दमला. ओट्यावर कुणी बसलेलंच नाही, ऐकणार कोण? तोही रिकामा होऊन परत आला.

आता राहिली ती स्वतः. पण ती उठली, तर मागावर कोण बसणार? जितके दिवस ती नाही, तितके दिवस भोक वाढणार. आणि नाही गेली, तर कसर येतच राहणार. आवडाईनं मागावर डोकं टेकलं, पोटभर रडली. मग फाटक्या गाळण्याचा एक तुकडा कमरेला खोचला आणि निघाली. बर्फावरून घसरत गेली, देवमाशाच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडला आणि वाळूतून चालत चालत उकाडराजाच्या नगरात आली.

तिला वाटलं होतं, केवढी माणसं भेटतील! केवढं बोलेन! पण रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. शेतातली रोपं कडेनं करपलेली. गोठ्यातल्या गाईंच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. ओटे रिकामे, विहिरीवर कुणी नाही. सगळी माणसं आपापल्या गार खोलीत, एकेकटी. आवडाई मनात म्हणाली, "अगं बाई, इथे तर सगळ्यांच्याच घरात माझा डोंगर आलाय."

तिनं पहिलं दार ठोठावलं. आतून आवाज आला, "दार उघडू नको गं, गारवा जाईल!" तिनं दुसरं दार ठोठावलं. "कोण आहे? काम असेल तर पुढच्या महिन्यात ये. गारवा जाईल!"

तिसरं दार राजवाड्याचं. तिथे तिला कुणी अडवलंच नाही, कारण पहारेकरीसुद्धा आत गारव्यात बसले होते.

आत पलंगावर राजकन्या शेवंता निजली होती. सगळ्या नगरात तेवढी एकटीच उन्हात खेळायची. तिला कोंडून घ्यायला आवडायचं नाही. तिचे हात, गाल भाजून लाल झाले होते, कातडी सोलवटली होती. वैद्य चंदनाचा लेप लावत होते, राणी वारा घालत होती.

"दार लावा आधी!" राजा ओरडला. "कोण गं तू?"

"मी आवडाई."

किती वर्षांनी तिनं आपलं नाव दुसऱ्या माणसासमोर घेतलं होतं.

राणीच्या हातातला पंखा थांबला. "आवडाई? माझ्या सासूबाई नव्या गाळण्याचा धागा सोडताना म्हणायच्या, ती आवडाई? अगो बाई! मला वाटलं, ते आपलं नुसतं म्हणायचं असतं."

आवडाई म्हणाली, "तुमच्या सासूबाईंचा धागा हिरवा होता. त्यांना खोकला होता." आणि तिनं मनगट पुढे केलं.

मग तिनं पडदा बाजूला सारला. खिडकीतून ऊन आलं आणि शेवंता कळवळली. "आई गं! टोचतंय!" आवडाईनं कमरेचा तुकडा काढला आणि त्या उन्हात धरला. तुकड्याखालून जे ऊन उतरलं, ते शेवंताच्या हातावर पडलं. शेवंतानं हात तसाच पुढे धरला. मग हळूच हसली. "आई, हे जुनं ऊन आहे. आधीचं."

राजा ताडकन उठला. "मग झालं तर! बाई, हा तुकडा आमच्या राजवाड्यावर बांधून टाक. मागशील ते देतो."

"महाराज," आवडाई म्हणाली, "हंड्याच्या अर्ध्याच तोंडावर गाळणं बांधलं, तर पाणी गाळलं जाईल का?"

राजा डोकं खाजवू लागला. राणीला मात्र हसू आलं नि रडूही आलं. पाणी गाळणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल अशी गोष्ट ती! अर्धं तोंड उघडं राहिलं, की सगळा हंडा गढूळ.

मग आवडाईनं धुराचं सांगितलं, कसरीचं सांगितलं. राणी म्हणाली, "मी विचारलं होतं ना हो, धूर जातो कुठे म्हणून?"

राजानं शेवंताकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या सुरईकडे पाहिलं. मग स्वतः उठला, सुरईचं बूच घट्ट बसवलं आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. गरम झळ आत आली. राजाच्या कपाळावरून घामाची धार लागली.

"उकडतंय बुवा," तो म्हणाला. मग घाम पुसून म्हणाला, "उकडू दे."

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. सगळ्या सुरयांना बुचं बसली. लोक कुरकुरले, राजाला नावं ठेवली. पण मग कुणी वाळ्याचे पडदे भिजवून टांगले, कुणी माठ भरले, कुणी दारात कडुनिंब लावला. संध्याकाळी माणसं ओट्यावर येऊन बसली आणि कधी नव्हे त्या गप्पा रंगल्या. पण एकाच नगरानं बुचं लावून काय होणार? म्हणून राजानं सगळ्या राजांना बोलावलं. त्यात त्याचे वैरीसुद्धा होते, बरं का. सगळे एकाच हंड्यातलं गाळलेलं पाणी प्याले आणि सगळ्यांनी शपथ घेतली, की गार धूर पुन्हा सोडणार नाही.

शेवंता बरी झाली. आवडाईचा पदर धरून म्हणाली, "तू इथेच राहा ना. आमच्या ओट्यावर बसून विण."

आवडाईला किती वाटलं राहावं! तिनं शेवंताच्या केसांवरून हात फिरवला. "ऊन गाळायचा माग ओट्यावर मावत नाही गं, राणी," म्हणाली. आणि निघाली. सगळं नगर वेशीपर्यंत आलं. वेशीच्या पुढे मात्र ती एकटीच होती.

डोंगरावर पोचली, तर भोक आणखी वाढलेलं. वर गेलेली कसर काही लगेच मरणार नव्हती. नवी येत नव्हती, एवढंच. आवडाई मागावर बसली. पुन्हा तेच बर्फ, तोच वारा, तेच न बोलणारे पक्षी. तिनं विचारलं, "दमलीस का गं आवडे?" आणि उत्तर देणार, इतक्यात वाऱ्याबरोबर काहीतरी आलं आणि मागावर पडलं.

लाल धागा होता. नवाकोरा.

तिनं तो कानाशी धरला. "आवडाई, घे गं धागा," शेवंताचा आवाज होता. "तुझं माझं काम एकच. आणि ऐक, बाबांना अजून उकडतंय!"

आवडाई एकटीच खूप वेळ हसली. इतकं, की काळ्या कोटातले पक्षीही थांबून बघू लागले. मग तिनं धागा मनगटाला बांधला आणि विणायला घेतलं.

अजून विणतेच आहे. भोक अजून पुरतं बुजलेलं नाही, पण लहान होत चाललंय. तुम्ही मोठे व्हाल, तुमची मुलं मोठी होतील, तोवर बुजेल. नगरातली माणसं सुखात राहिली, आवडाईही तिच्या डोंगरावर सुखात आहे. आपल्याकडे नवं गाळणं आलं, की धागा तुम्ही सोडा.

आता तुम्हीही डोळ्यांवर पापण्यांचं गाळणं ओढा. वाईट स्वप्नं वर राहतील, चांगली तेवढी खाली उतरतील. झोपा.