खारीचा ज्येष्ठमध

फार पूर्वी, रानात बाजार भरायचा तेव्हा, एका खारीचं छोटं दुकान होतं. गेल्या थंडीत तिचा सगळा ज्येष्ठमध खपला होता. म्हणून यंदा घरातले सगळे दाणे मोडून ती दुप्पट ज्येष्ठमध आणायला निघाली.

शेजारची साळुंकी म्हणाली, "हिशेबाची मोठी हुशार तू, खारूताई. पण तो नेला कुणी?"

"ससोबांनी. रोज यायचे."

"बायकोच्या खोकल्यासाठी न्यायचे गं. ती पावसाळ्यात गेली."

खारीने ज्येष्ठमधाऐवजी तीळ भरले.

थंडी पडली आणि ससोबा सवयीने दुकानाशी आले. काय मागावं ते त्यांना सुचेना.

खारीने पोतं सरकवून जागा केली. "बसा," ती म्हणाली, "काही घ्यायलाच हवं असं नाही."