चाळीस जणांचा आवाज

"मग सिनेमात यायचं राहिलं कोण?" नानांनी विचारलं.

"कोणीच राहिलं नाही, नाना. इन्स्पेक्टर कोळ्याची मुलगी आहे. डॉक्टर मुसलमान आहे. नेमबाजाला ऐकू येत नाही. आणि जंगलातली माणसं खरीखुरी जंगलातलीच, चाळीस जणं! दक्षिणेतल्या मारधाडीच्या सिनेमात असं आजवर कुणी केलं नव्हतं."

हेरंब असा सांगत होता, जणू सिनेमा त्यानंच काढला होता. त्यानं फक्त त्याचं मराठी डबिंग केलं होतं. पण फुशारकी मारायला तेवढंही पुरतं.

नाना तेरदाळे त्याचे गुरू. परभाषेतल्या नटांना मराठीत बोलतं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मिरजेत माडीवरच्या खोलीत ते एकटे राहत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. टिकटिक नको म्हणून घड्याळ बंद ठेवलेलं. काम सुटलं, बायको गेली, तरी ते घड्याळ कुणी चालू केलं नाही.

अकरा वर्षं हेरंब या खोलीत शिकला. अकरा वर्षांत नानांनी त्याला एकच शब्द ऐकवला होता, 'पुन्हा.'

'जमलं' म्हणून एकदाही म्हणाले नव्हते. आज तेवढ्यासाठीच तो आला होता.

"जंगलातल्यांना आवाज कुणी दिले?"

"मीच! पैसे कमी, माणसं मिळेनात. चाळीसच्या चाळीस जणांचे आवाज मी एकट्यानं काढले. एका दिवसात."

"कुणाबरोबर?"

"सांगितलं की, एकट्यानं. काचेच्या खोलीत मी आणि माइक."

हेरंबनं लॅपटॉप उघडला. जंगलावर हल्ला होतो, तो प्रसंग लावला.

नाना उठले. खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

"नाना, पडदा इकडे आहे."

"माहीत आहे. लाव."

नायक गरजला. इन्स्पेक्टरबाईनं हुकूम सोडले. बंदुका सुटल्या. मग किंकाळ्या... एकामागून एक.

प्रसंग संपला. खोलीत पुन्हा पहिल्यासारखी शांतता झाली.

"किती जण होते म्हणालास?"

"चाळीस."

"मला एकच ऐकू आला."

हेरंबचा चेहरा पडला. "असं कसं, नाना? प्रत्येकाचं ओरडणं वेगळं केलंय. म्हाताऱ्याचं घोगरं, पोरीचं बारीक..."

"होय. तो घोगरा झाला, बारीक झाला. पण होता तोच. परत परत मरत होता. मरायच्या आधी काही बोलला का रे तो? आपसात? बायकोशी?"

"त्यांना वाक्यच नाही, नाना. मूळ सिनेमातही नाही. नुसतं ओरडायचंय."

"नावं तरी आहेत त्यांना?"

हेरंब लॅपटॉपकडे बघत राहिला. पडद्यावर चाळीस चेहरे थांबलेले होते. सगळे वेगवेगळे. दिवसभर त्यानं त्यांची तोंडं पाहिली होती, कधी उघडतात आणि कधी मिटतात तेवढ्यापुरती. आता प्रथमच त्याला वाटलं, ती माणसंही आपल्याकडे बघताहेत. त्याला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला.

"म्हणजे पुन्हा करू?" त्यानं हळूच विचारलं.

नानांनी खुर्ची वळवली नाही. ते समोरच्या गोधडीकडे बघत होते. ती त्यांच्या बायकोनं शिवलेली होती.

"नको," ते म्हणाले. "जमलंय तुला."

हेरंबनं मान वर केली. अकरा वर्षांनी तो शब्द आला होता, आणि तो घ्यायला त्याचा हात पुढे होईना.

"काय जमलं, नाना?"

"या खोलीत मी रोज ऐकतो तो आवाज. एकट्या माणसाचा. अगदी हुबेहूब काढलास बघ."