सायाळीची गळकी मडकी

जंगल म्हणावं एवढी झाडंही जिथे नव्हती, अशा एका उघड्याबोडक्या माळावर एक म्हातारी सायाळ राहत असे. चार बाभळी, दोन बोरी, बाकी सगळे दगड. पण मुलांनो, त्याच माळावर ती मटकी पिकवायची, काकडी पिकवायची, आणि तिचा भोपळा तर असा धरायचा की ढकलायला दोन ससे लागायचे! तिला हे कोणी शिकवलं? कोणी नाही. माती उकरून, हुंगून, चुकून आणि पुन्हा लावून ती आपली आपणच शिकली. असं शिकलेलं कोणाला हिसकावून नेता येत नाही, हे आधी लक्षात ठेवा. मग पुढची गोष्ट.

माळाला पाणी एकच, खडकाच्या सावलीतलं एक कुंड. त्याच्या काठावर टिटवी राहायची आणि पाण्यावर लक्ष ठेवायची. कुंडाच्या मधोमध एक काळा दगड होता. त्याचं डोकं पाण्याबाहेर दिसलं की शेतीला पाणी बंद, उरलं ते फक्त पिण्यासाठी, असा माळाचा जुना नियम होता. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडतही कोणी नव्हतं.

एका वर्षी मात्र रानडुक्कर खाली पाटाच्या मुलखात हिंडून आला आणि येताना तोंडात उसाची कांडी घेऊन आला. त्याने कुंडाला लागूनच ऊस लावला. मुसंडी मारून कुंडाची मातीची कड फोडली, उसापर्यंत चर खणला, आणि भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तो बदाबदा पाणी सोडू लागला. पाणी उतरलं की चर आणखी खोल करायचा. वर त्याच चिखलात लोळत म्हणायचा, "शेती करावी तर अशी! नाहीतर ती म्हातारी. थेंब थेंब मोजत बसते!"

टिटवीचा जीव खालीवर होऊ लागला. तिची तीन पिल्लं नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती. ती धीर करून डुकराला म्हणाली, "दादा, काळ्या दगडावर आता दीड वीतच पाणी उरलंय. माझ्या पोरांना उडता यायला अजून महिना आहे. कुंड आटलं तर तुम्ही चालत कोसभर जाल. ह्या कापसाच्या गोळ्यांनी कुठे जावं?"

"पाणी कुठे कमी झालंय? दगडच वाढला असेल," डुक्कर म्हणाला आणि दुसऱ्या कुशीवर वळला.

टिटवी रडत सायाळीकडे गेली. सायाळ तेव्हा आपल्या मडक्यांत पाणी भरत होती. गावातले लोक तडकलेली मडकी वेशीबाहेर टाकून देत. सायाळ ती डोक्याने ढकलत, घरंगळवत माळावर आणायची. वेलाशेजारी मडकं गळ्यापर्यंत पुरायची, भोपळ्याच्या कवटीने त्यात पाणी ओतायची, तोंडावर चपटा दगड ठेवायची आणि भोवती वाळका पाला पसरायची. मडकं आतल्या आत पाझरायचं आणि वेलाची मुळं त्याला बिलगून बसायची. दोन-तीन दिवसांनी ती पाठीचा एक काटा मडक्यात बुडवून बघायची. काट्याचं टोक जेमतेम ओलं झालं, तरच पुन्हा पाणी.

टिटवीचं ऐकताच सायाळीचे सगळे काटे ताठ उभे राहिले. ती तरातरा डुकरापुढे जाऊन उभी राहिली. "ऊठ रे लोळणाऱ्या! तू उसाला पाणी देतोस की उन्हाला?"

"ए म्हातारे, तुझी मडकी तरी बघ," डुक्कर हसला. "सगळी गळकी! गळक्या मडक्यात पाणी भरणारी मी तूच पाहिली."

"पाहिली, पण समजली नाही. बरं, माझं ऐकू नकोस. तू कोणाचं ऐकतोस?"

"माझ्या नाकाचं!" डुक्कर फुशारला. "जमिनीच्या आत कुठे काय आहे, ते माझं नाक सांगतं. ते कधी खोटं बोलत नाही."

"मग तेच पंच," सायाळ म्हणाली. "चार दिवस चर बंद ठेवायचा. एक मडकं पाणी तू तुझ्या पद्धतीने दे, एक मडकं मी माझ्या. मग दोन्हीकडची माती तूच उकर. माझी माती कोरडी निघाली, तर माझ्या वाटणीचं पाणीही तुझं. तुझी कोरडी निघाली, तर ऊस उपटायचा. आहे कबूल?"

"कबूल! वर भोपळाही घेईन!" डुक्कर म्हणाला.

टिटवी कळवळली. "आजी, अहो, हरलात तर?"

"हरायला मी काय ऐकीव शेती करते?" सायाळ म्हणाली.

डुकराने मडकंभर पाणी उसावर ओतलं. भर दुपारीच, सवयीप्रमाणे. सायाळीने आपलं पाणी पुरलेल्या मडक्यात ओतलं आणि वर दगड ठेवला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सगळा माळ कुंडापाशी गोळा झाला. डुकराने ऐटीत उसाच्या बुडाशी मुसंडी मारली. खट्! माती अशी कडक की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ससे म्हणाले, "चला, थोडं तरी पाणी निघालं!"

मग तो सायाळीच्या वेलाकडे गेला. त्याने पाला बाजूला सारला, नाक खुपसलं, आणि ते डोळ्यांपर्यंत आत गेलं. मऊ, गार, ओली माती! बराच वेळ तो वर येईना. आला तेव्हा त्याच्या तोंडात एक लठ्ठ गांडूळ वळवळत होतं.

"अरे, निकाल सांग ना!" सगळे ओरडले.

डुकराने आधी गांडूळ गिळलं. मग मान खाली घालून म्हणाला, "नाक खोटं बोलत नाही. मावशी, असली गांडुळं मला पाटाच्या मुलखातही मिळाली नव्हती."

त्याच दिवशी त्याने ऊस उपटला. उपटताना दोन कांडी चघळली आणि थोडा रडलाही. मग चर बुजवून कुंडाची कड चांगली चोपून काढली. दुसऱ्या दिवसापासून तो मडक्यांसाठी खड्डे खणू लागला. त्या नाकासारखं खणणारं माळावर दुसरं होतं कोण? प्रत्येकाने एक एक गळकं मडकं पुरलं आणि काकडीचे वेल तरारले.

महिन्याने टिटवीची तिन्ही पिल्लं पहिल्यांदा उडाली आणि कुंडावरून गिरकी घेऊन परत आली. सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. काळ्या दगडावर अजून बोटभर पाणी होतं.

"बघा," डुक्कर म्हणाला, "दगड वाढायचा थांबला!"

"हो, आता तुझं डोकं वाढायला लागलंय ना," सायाळ म्हणाली, आणि भोपळ्याची मोठी फोड तिने त्याच्यापुढे ढकलली.

तात्पर्य : पीक येतं ते मुळाशी पोचलेल्या पाण्यावर, वरून ओतलेल्या पाण्यावर नाही, आणि सगळ्यांचं पाणी एकट्याच्या हौसेवर उधळायचं नसतं.