पाण्यातले हत्ती

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत तीन गावं होती, आणि तिन्ही गावांत मिळून एकच कुरण होतं. दरसाल त्यावरून डोकी फुटत. शेवटी शहाण्या माणसांनी एक खेळ काढला. माळावरच्या कातळावर पटाची घरं कोरली, मधून नदीची रेघ काढली, प्रत्येक गावाला लाकडी हत्ती आणि किल्ले दिले. दर बाजाराच्या दिवशी एकेका गावाने एकच चाल खेळायची. दसऱ्याला ज्याचे किल्ले जास्त, त्याची गुरं वर्षभर कुरणात आधी शिरायची. डाव मोडायचा नाही, पुढच्या वर्षी तिथूनच पुढे खेळायचा.

वीस वर्षं डाव चालला आणि डोकी शाबूत राहिली.

खेळाचे नियम म्हाळोजी नावाच्या म्हाताऱ्याने केले होते. त्यातला एक असा, की नदीतल्या हत्तीला कोणी मारायचं नाही. हत्तीने पाण्यात किती वेळ थांबायचं, हे मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

वरच्या गावाकडून येसू कोष्टीण खेळायची. तिच्या ते लक्षात आलं. तिने सगळे हत्ती नदीत नेऊन उभे केले आणि पाण्यातूनच काठावरचे किल्ले घ्यायला लागली.

बाकी दोन गावांचे खेळाडू म्हाळोजीकडे आले.

“आजोबा, नियमात पळवाट राहिलीय. बंद करा.”

“येसूने नियम मोडला का?”

“नाही.”

“मग तुम्हीही उतरा पाण्यात. नियम सगळ्यांना सारखाच आहे. वीस वर्षांचा डाव मी मध्येच बदलणार नाही.”

खरी गोष्ट वेगळी होती. आपलं चुकलं, हे चारचौघांत सांगणं त्याला जड जात होतं.

मग तेही पाण्यात उतरले. आता कोणी कोणाला मारू शकेना, डावच अडून बसला. कातळाभोवती माणसं जमेनाशी झाली. दसऱ्याला किल्ले मोजायलाही कोणी आलं नाही. खालच्या गावाने काठ्या घेऊन गुरं कुरणात घातली. त्या मारामारीत येसूच्या भावाचा डोळा गेला.

येसू म्हाळोजीच्या दारात उभी राहिली. “तुम्हाला ठाऊक होतं, तर थांबवलं का नाही?”

“तुला ठाऊक होतं, तर खेळलीस का?”

येसू म्हणाली, “मला जिंकायचं होतं.”

“आणि मला चुकायचं नव्हतं,” म्हाळोजी म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याने तिन्ही गावांपुढे हात जोडले. “नियम माझा, चूकही माझी. आजपासून हत्ती एका चालीपुरताच पाण्यात थांबेल.”

“आणि येसूने घेतलेले किल्ले?” कोणीतरी ओरडलं.

“तेव्हाच्या नियमाने घेतले. तिचेच राहतील.”

लोक कुरकुरले, पण खेळायला बसले. येसूचे किल्ले चार वर्षांत एकेक करून गेले. काही तिने झुंजून परत मिळवले. कुरणात पुन्हा काठी उचलली गेली नाही. भावाचा डोळा मात्र परत आला नाही.

तात्पर्य : आपल्या नियमातली चूक कळूनही जो ती तशीच ठेवतो, त्याच्या हट्टाची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.